एमएलबी टीव्ही घेतलं, तरी आपल्याच शहराची टीम दिसत नाही: काय तपासायचं, काय करायचं

दर एप्रिलला अमेरिकेतल्या मराठी घरांमधून हाच प्रश्न येतो. मुलगा किंवा मुलगी लिटल लीगमध्ये खेळायला लागते, घरात बेसबॉलचं वेड शिरतं, आणि केबल तर केव्हाच बंद केलेली असते. मग कुणीतरी सांगतं, एमएलबी टीव्ही, म्हणजे मेजर लीग बेसबॉलची इंटरनेटवरची सेवा घ्या, त्यावर सगळे सामने असतात. पैसे भरले जातात. संध्याकाळी सात वाजता सगळे टीव्हीसमोर बसतात, न्यूयॉर्कच्या यांकीजचा सामना निवडतात, आणि पडद्यावर येतं की हा सामना तुमच्या भागात दाखवता येत नाही. त्याच यादीत सिअ‍ॅटल विरुद्ध टेक्सास मात्र व्यवस्थित चालू असतं.

अशा वेळी लोक अ‍ॅप काढून परत टाकतात, राउटर बंद-चालू करतात, कार्डाचे पैसे कापले गेले का ते बघतात. दहांतल्या नऊ वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. याला ब्लॅकआउट म्हणतात आणि तो करारातच लिहिलेला आहे. एमएलबी टीव्ही ही मुळात परगावच्या टीमसाठी केलेली सोय आहे. तुम्ही न्यू जर्सीत राहून सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे चाहते असाल, तर याच्यासारखं दुसरं काही नाही. न्यू जर्सीत राहून शेजारच्या न्यूयॉर्कच्या यांकीज किंवा मेट्स या टीम बघायच्या असतील, तर नुसतं हे घेऊन भागत नाही. पैसे भरायच्या आधी एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर कितीतरी घरांचे दीडशे डॉलर योग्य जागी लागले असते.

असं का?

आयपीएलचे प्रक्षेपण हक्क बीसीसीआय एकत्र विकते, त्यामुळे एका अ‍ॅपवर सगळे सामने दिसतात आणि आपल्याला तेच सवयीचं झालेलं असतं. इथे तीस टीम आहेत, प्रत्येक टीम मोसमात १६२ सामने खेळते, आणि त्यातल्या बहुतेक सामन्यांचे हक्क ती टीम स्वतः आपल्या भागातल्या क्रीडा चॅनलला विकते. प्रत्येक टीमचा एक ठरलेला प्रदेश असतो. त्या प्रदेशात सामना फक्त आपल्याच चॅनलवर दिसावा, यासाठी चॅनल पैसे मोजतं. ते पैसे कुठून यायचे? केबल असलेल्या प्रत्येक घरातून, मग त्या घरात बेसबॉल बघणारं कुणी असो वा नसो. म्हणून त्या प्रदेशात स्ट्रीमिंगचं दार बंद ठेवलं गेलं.

हे प्रदेश केबलच्या काळात आखले गेले आणि काही ठिकाणी त्यांनी अक्षरशः अन्याय केला आहे. आयोवा राज्यात मेजर लीगची एकही टीम नाही. तरी तिथल्या माणसाला कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, रॉयल्स, ट्विन्स आणि ब्रुअर्स अशा सहा टीम ‘स्थानिक’ म्हणून बंद राहिल्या. म्हणजे ज्या दिवशी या सहाही टीम वेगवेगळे सामने खेळतात, त्या दिवशी सहा सामने गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच आयोवात, डायर्सव्हिलच्या मक्याच्या शेतात मैदान उभारून व्हाइट सॉक्स आणि यांकीज यांचा सामना झाला, देशभर गाजला. त्या शेताशेजारी राहणाऱ्या मुलाला एरवी व्हाइट सॉक्स बघायला मिळत नव्हते, हे मला अजूनही खटकतं. लास व्हेगासमध्येही सहा टीम बंद असायच्या.

लॉस एंजेलिसची गोष्ट तर आणखी वाईट. डॉजर्सचं स्पोर्ट्सनेट एलए हे चॅनल २०१४ मध्ये सुरू झालं, पण शहरातल्या बऱ्याच केबल आणि सॅटेलाइट कंपन्यांशी पैशांवरून जुळलं नाही. मोठा तिढा सुटायला २०२० उजाडलं. मधल्या काळात, २०१६ मध्ये, विन स्कली निवृत्त झाले. ६७ मोसम डॉजर्सचं समालोचन केलेला माणूस, आणि त्यांचे शेवटचे मोसम त्यांच्याच शहरातल्या असंख्य घरांना टीव्हीवर दिसले नाहीत.

ग्राहकांनी कोर्टात दावाही लावला होता. जानेवारी २०१६ मध्ये तडजोड झाली, एका टीमपुरतं स्वस्त पॅकेज मिळालं, पण स्थानिक ब्लॅकआउट तसाच राहिला. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की ग्राहक सेवेला तासभर फोन लावून हा अडथळा दूर होणारा नाही. त्याचा प्रकार ओळखून वाट काढावी लागते.

आधी प्रकार ओळखा

‘दिसत नाही’ याची चार वेगळी कारणं असतात (खात्याचा घोळ, राष्ट्रीय हक्क, स्थानिक ब्लॅकआउट आणि अ‍ॅपने चुकीचं ओळखलेलं ठिकाण) आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

सुरुवात अशी करा. त्याच वेळी चालू असलेला, दोन्ही टीम तुमच्यापासून लांबच्या असलेला एखादा सामना लावा. तो चालला, तर तुमचं सबस्क्रिप्शन आणि लॉगिन ठीक आहे. तोही चालला नाही, तर प्रश्न खात्याचा आहे: पैसे एका ईमेलने भरले आणि टीव्हीवर दुसऱ्याच ईमेलने लॉगिन केलं, हे नवरा-बायकोच्या दोन खात्यांमुळे फार वेळा होतं. २०२६ पासून एमएलबी टीव्हीची विक्री ईएसपीएनकडे गेली आहे, त्यामुळे जुनं खातं एकीकडे आणि नवे पैसे दुसरीकडे असा घोळ आणखी वाढू शकतो. पैशांची पावती ज्या ईमेलवर आली, त्याच ईमेलने लॉगिन करा.

लांबचा सामना चालला आणि तुमचा चालला नाही, तर पुढचा प्रश्न: आज वार कोणता? शुक्रवार, शनिवार दुपार-संध्याकाळ किंवा रविवार रात्र असेल, तर सामना राष्ट्रीय हक्कात, म्हणजे लीगने देशभर दाखवणाऱ्या चॅनलना विकलेल्या सामन्यांत, गेलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि मग तो अमेरिकेत कुठेही बसलात तरी एमएलबी टीव्हीवर थेट दिसणार नाही. इतर दिवशी, आणि तीच टीम रोज बंद असेल, तर तो स्थानिक ब्लॅकआउट.

एमएलबीच्या संकेतस्थळावर झिप कोड टाकून आपल्या भागात कोणत्या टीम बंद आहेत ते बघायची सोय आहे. पैसे भरायच्या आधी ते बघा, नंतर नव्हे. उत्तर जर्सीत यांकीज आणि मेट्स, मध्य जर्सीच्या काही भागांत फिलाडेल्फियाचे फिलीजसुद्धा. कनेक्टिकटमध्ये यांकीज, मेट्स आणि बॉस्टनचे रेड सॉक्स अशा तिन्ही. शिकागोत कब्ज आणि व्हाइट सॉक्स.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. मेट्स सिअ‍ॅटलला खेळायला गेले, तर तो सामना सिअ‍ॅटलचा, मग जर्सीत दिसायला हवा, असं वाटतं. तसं होत नाही. बंदी मैदानाला लागत नाही, टीमला लागते. मेट्स कुठेही खेळोत, त्यांच्या प्रदेशात तो सामना बंदच.

स्थानिक ब्लॅकआउट असेल तर

गेल्या काही वर्षांत इथे खरंच बदल झाला आहे, आणि जुन्या सल्ल्यांवर विसंबून लोक अजून केबलचे पैसे भरतात याचं वाईट वाटतं. आता बऱ्याच टीमचं स्थानिक चॅनल केबलशिवाय थेट विकत मिळतं.

बॉस्टनच्या नेसनने जून २०२२ मध्ये नेसन ३६० सुरू केलं, आणि केबलशिवाय थेट विकलं जाणारं ते पहिलं प्रादेशिक क्रीडा चॅनल ठरलं. यांकीजसाठी येस नेटवर्क गॉथम स्पोर्ट्स अ‍ॅपवर मिळतं. कब्जचं मार्की हे चॅनल थेट घेता येतं. डॉजर्सचं चॅनलही २०२५ पासून केबलशिवाय मिळू लागलं, इतक्या वर्षांच्या भांडणानंतर.

दुसरा बदल दिवाळखोरीतून आला. सर्वात जास्त टीमचे हक्क असलेली डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मे अखेरीस सॅन डिएगो पाद्रेसचे पैसे थकले आणि मोसमाच्या मध्येच लीगने त्यांचं प्रक्षेपण स्वतःकडे घेतलं. मग डायमंडबॅक्स, रॉकीज, गार्डियन्स, ट्विन्स. या टीम त्यांच्या स्वतःच्या गावातही थेट विकत मिळू लागल्या. २०२५ मध्ये त्यासाठी महिन्याला सुमारे २० डॉलर किंवा पूर्ण मोसमाला सुमारे १०० डॉलर असा दर होता. ही यादी दर हिवाळ्यात बदलते, म्हणून मित्राने गेल्या वर्षी काय घेतलं ते विचारू नका, टीमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘सामने कुठे बघाल’ हे पान मार्चमध्ये उघडा.

घेताना नाव नीट वाचा. परगावच्या टीमचं पॅकेज आणि स्थानिक टीमचं पॅकेज ही दोन वेगळी उत्पादनं आहेत आणि दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये दिसू शकतात. एका टीमचं पॅकेज म्हणून परगावचं पॅकेज घेतलं आणि ती टीम तुमच्याच गावची निघाली, तर तुम्ही नेमकी तीच टीम विकत घेतलीत जी तुम्हाला दिसणार नाही.

यूट्यूब टीव्ही, हुलू लाइव्ह, फुबो यांसारख्या सेवांबद्दलही विचारणा होते. त्या म्हणजे इंटरनेटवरून येणारी केबलच, खर्चही जवळपास तेवढाच. घरात इतर चॅनल हवे असतील तर जरूर घ्या, पण तुमच्या टीमचं स्थानिक चॅनल त्यात आहे का ते झिप कोड टाकून पक्कं करा. ते करार मध्येच तुटतात. फक्त बेसबॉलसाठी मी तरी घेणार नाही.

राष्ट्रीय सामना असेल तर

सध्याचे करार २०२८ पर्यंतचे आहेत. शुक्रवारचे दोन सामने अ‍ॅपल टीव्हीवर असतात. तिथे स्थानिक ब्लॅकआउट नसतो, म्हणजे यांकीज असले तरी जर्सीत दिसतात, फक्त अ‍ॅपलचं सबस्क्रिप्शन लागतं. शनिवारी फॉक्स. रविवार रात्रीचा सामना २०२६ पासून एनबीसी आणि त्यांच्याच पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेकडे आला. मोसमाच्या सलामीच्या रात्रीचा सामना आणि होम रन डर्बी ही लांब फटक्यांची स्पर्धा नेटफ्लिक्सकडे गेली. ऑल-स्टार सामना आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, फॉक्सवर.

यातला फॉक्स आणि एनबीसीचा भाग फुकट आहे, आणि आपल्याकडे फार थोडे लोक तो वापरतात. छपरावरच्या किंवा खिडकीतल्या अँटेनाने ही चॅनल आजही हवेतून येतात, तीही स्वच्छ एचडीमध्ये. वर्ल्ड सिरीजसाठी कुणालाही एक पैसा द्यावा लागत नाही.

अँटेना लावला पण चॅनल येत नाही, ही तक्रार मात्र खूप येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पातळ कागदासारखा अँटेना टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवला जातो, कारण तिथे तो दिसत नाही. नेमकी तीच जागा सर्वात वाईट. टीव्हीचं धातूचं अंग आणि भिंत दोन्ही सिग्नल अडवतात. तो प्रक्षेपण मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीत, जितका उंच जाईल तितका उंच लावा. न्यूयॉर्क परिसरातली मुख्य चॅनल एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून येतात, त्यामुळे एडिसनमधल्या घराने ईशान्येकडची खिडकी पकडावी. दक्षिणेकडच्या तळघरात अँटेना ठेवून काही येणार नाही. तुमच्या पत्त्यावर कोणती चॅनल किती जोरात येतात, याचा नकाशा एफसीसी या सरकारी प्रसारण नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

जागा बदलली की प्रत्येक वेळी टीव्हीच्या मेनूत जाऊन चॅनल स्कॅन परत करायचा. हे विसरलं जातं आणि अँटेनाला दोष दिला जातो. एखादंच चॅनल येत नसेल, तर ते व्हीएचएफवर, म्हणजे टीव्हीच्या कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, आहे का बघा. न्यूयॉर्कचं पिक्स ११, ज्यावर वर्षानुवर्षं मेट्सचे काही सामने फुकट दाखवले जातात, व्हीएचएफवर आहे. चपटा कागदी अँटेना ते नीट पकडत नाही. दोन लांब दांड्यांचा जुन्या पद्धतीचा अँटेना पकडतो. मनोरा जवळ असेल तर अ‍ॅम्प्लिफायर काढून बघा, जादा जोराचा सिग्नलही चित्र फोडतो.

शनिवारी फॉक्स वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे सामने दाखवू शकतं, हेही ध्यानात असू द्या. अँटेनावर तुमच्या शहराच्या वाट्याला आलेला सामनाच दिसेल.

चुकीच्या गावात आहात असं अ‍ॅपला वाटत असेल तर

झिप कोडच्या यादीत नसलेली टीम बंद दिसली, की समजा अ‍ॅपचा तुमच्या ठिकाणाबद्दल गोंधळ झालाय. फोन जीपीएस वापरतो, टीव्हीवरचं अ‍ॅप मात्र तुमच्या इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून गाव ओळखतं.

आपल्या लोकांत याचं पहिलं कारण म्हणजे ऑफिसचा लॅपटॉप. कंपनीचं व्हीपीएन (इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कमधून फिरवून नेणारी सोय) चालू असतं आणि त्याचं बाहेर पडायचं टोक डॅलसला असतं. मग सिनसिनाटीत बसलेल्या माणसाला टेक्सास रेंजर्स बंद दिसतात. व्हीपीएन बंद करा, किंवा त्याहून बरं म्हणजे ऑफिसच्या यंत्रावर सामने बघूच नका.

दुसरं कारण मोबाइल नेटवर्कवर चालणारं घरचं ५जी इंटरनेट. त्यात अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात आणि तो पत्ता दोन-तीनशे मैलांवरच्या शहराच्या नावावर असू शकतो. आपला आयपी पत्ता कुठला दिसतो हे सांगणारी कोणतीही साइट त्याच वायफायवर उघडा. गाव चुकीचं आलं, तर मोडेम दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून परत लावा. पत्ता बदलला तर प्रश्न सुटतो. नाहीच बदलला, तर फोनवर ठिकाणाची परवानगी देऊन तिथे सामना सुरू होतो का बघा. तेही झालं नाही तर इंटरनेट कंपनीला ‘सामना दिसत नाही’ असं न सांगता ‘माझ्या आयपीचं ठिकाण चुकीचं नोंदलंय’ असं सांगा, म्हणजे फोन योग्य माणसाकडे जातो.

आणि हो, मुद्दाम व्हीपीएन लावून गाव बदलायचा सल्ला तुम्हाला पन्नास जण देतील. ते अटींच्या विरुद्ध आहे, बरेच व्हीपीएन अ‍ॅप ओळखतं, आणि नेमक्या नवव्या इनिंगला चित्र थांबतं. फुकट दाखवणाऱ्या चोरट्या साइट तर मुलांच्या हातातल्या टॅबलेटवर अजिबात उघडू देऊ नका.

थेट नाही, तर काय मिळतं

स्थानिक ब्लॅकआउट झालेला सामना संपल्यावर साधारण दीड तासाने पूर्ण रेकॉर्डिंग एमएलबी टीव्हीवर खुलं होतं. २०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचा नियम, आल्यापासून सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांत संपतो. सात वाजता सुरू झालेला सामना पावणेदहाला संपला, तर सव्वाअकराच्या सुमाराला तो बघता येतो. शाळेच्या दिवशी मुलांसाठी ही वेळ नाही, पण शनिवारी सकाळी नाश्त्याबरोबर शुक्रवारचा सामना बघायला काय हरकत आहे? त्यासाठी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये धावसंख्या लपवायची सोय आहे, ती आदल्या रात्रीच चालू करून ठेवा, नाहीतर अ‍ॅप उघडताक्षणी निकाल समोर येतो.

रेडिओला ब्लॅकआउट लागत नाही, आणि माझ्या मते बेसबॉल शिकायला रेडिओसारखा दुसरा गुरू नाही. समालोचक प्रत्येक चेंडू कुठे पडला, बॅटर कसा उभा आहे, बेसवर कोण आहे हे सांगत राहतो. मुलं ते ऐकून खेळ डोळ्यांसमोर उभा करायला शिकतात. यांकीजसाठी डब्ल्यूएफएएन, ६६० एएम, गाडीत फुकट. लीगचं ऑडिओ सबस्क्रिप्शन व्हिडिओच्या तुलनेत अगदी स्वस्त आहे आणि त्यात तुमच्या गावची टीमही ऐकू येते. लीगच्या गेमडे या थेट धावफलकावर प्रत्येक पिचचा वेग आणि जागा फुकट दिसते, ते समोर ठेवून रेडिओ ऐकला तर चित्राची उणीव बरीच भरून निघते.

सुट्टीत भारतात गेलात तर उलटा अनुभव येतो. अमेरिकेतली प्रादेशिक बंदी तिथे लागत नाही, त्यामुळे जर्सीत न दिसणारे यांकीज पुण्यात आजोबांच्या टीव्हीवर दिसतात. न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७:०५ चा सामना उन्हाळ्यात भारतात पहाटे ४:३५ ला सुरू होतो. प्रवासाने झोप उडालेली मुलं त्या वेळी जागीच असतात.

मदत मागताना झिप कोड, टीमचं नाव, सामन्याची तारीख, कोणत्या यंत्रावर बघताय आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, एवढं पाठवा. नुसतं ‘चालत नाही’ म्हटलं की अर्धा तास प्रश्नोत्तरांतच जातो. आणि महिन्याच्या हिशोबाने स्थानिक चॅनल घेतलं असेल, तर सप्टेंबरअखेर नियमित मोसम संपताच ते बंद करा. वार्षिक पॅकेज असेल तर पुढच्या वसंतात ते आपोआप नव्याने चालू होतं, म्हणून फेब्रुवारीत एकदा झिप कोडची यादी परत बघून मगच ते राहू द्या.